डोळे मिटल्यावरची कुस्ती

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय. पहाटे साडेचारला तालमीत जाणारी पोरगी एवढ्या उशिरापर्यंत जागी कशी? मग तू हळूच म्हणालीस, "ताई, डोळे मिटले की मागच्या स्पर्धेतली तीच पोरगी येते. माझा पट काढते, मी खाली, शिट्टी. कूस बदलली तरी परत तेच." आई-आप्पांना सांगू नकोस असंही बजावलंस. नाही सांगत. पण फोनवर मला नीट बोलता आलं नाही, घरात सगळी झोपली होती. म्हणून आज निवांत लिहितेय. तालमीतून आल्यावर, पोटात काही घातल्यावर वाच.

तुला वाटतंय तुझं मन कच्चं पडलंय. मला तसं अजिबात वाटत नाही. तू रोज रात्री अंधारात एक अख्खी कुस्ती बघतेस. तिच्यात आवाज आहे, अंगावर पडलेलं वजन आहे, पाठ टेकल्याचा दणका आहे. छाती धडधडते, तळहात ओले होतात. एवढं जिवंत चित्र डोळ्यांपुढे उभं करायला कितीतरी खेळाडूंना महिनोन् महिने घासावं लागतं. तुला ते आपसूक येतंय, फक्त उलट्या बाजूने. चिंता म्हणजे दुसरं काय असतं गं, हरण्याचा रोजचा सरावच की.

आणि मी तुला फोनवर एक प्रश्न विचारला होता, आठवतंय? "तिचा कोणता पाय पुढे असतो?" तू गप्प झालीस. पंधरा दिवस ती रोज रात्री तुला चीत करतेय आणि तिचा पुढचा पाय उजवा की डावा हे तुला सांगता आलं नाही! तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, तू तिला बघतच नाहीयेस. तू नुसतं हरणं बघतेयस.

तुझे वस्ताद ज्याला 'व्हिज्युअलायझेशन करा' म्हणतात आणि पुढे काहीच सांगत नाहीत, ते हेच. मनातला सराव. मला तो कळला तेव्हा माझी कुस्ती सुटली होती. खांदा निखळल्यावर सहा आठवडे हात गळ्यात बांधून मी घरात बसले होते. तू तेव्हा तिसरीत होतीस, माझी वेणी घालायला धडपडायचीस. त्या दिवसांत वाचनालयातून आप्पांनी एक पुस्तक आणून दिलं, भीष्मराज बामांचं 'विजयाचे मानसशास्त्र'. बाम नाशिकचे. भारतीय पोलीस सेवेतले मोठे अधिकारी, योगाचा गाढा अभ्यास, आणि खेळाडूंच्या मनाची मशागत हे त्यांचं खरं वेड. नेमबाज अंजली भागवत, क्रिकेटमधला राहुल द्रविड, सावरपाड्याची धावपटू कविता राऊत, अशा कितीतरी जणांना त्यांनी घडवायला मदत केली. 2017 मध्ये ते गेले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात असा माणूस राहत होता आणि आम्हा तालमीतल्या पोरींना त्याचं नावही माहीत नव्हतं, याची मला अजून हळहळ वाटते. ते पुस्तक वाचताना एका रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. कारण माझी ती शेवटची निवड चाचणी मी का हरले, ते मला तेव्हा उमगलं.

ती गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. चाचणीच्या आधी महिनाभर मीही रोज रात्री डोळे मिटून बघायचे. काय बघायचे? गळ्यात हार. गुलाल. वेशीपासून जीपमधून मिरवणूक. आप्पा फेट्याच्या शेवाने डोळे पुसतायत. फार गोड वाटायचं, झोपही छान लागायची. प्रत्यक्षात त्या दिवशी वजनाला दोन तास उशीर झाला. माझी कुस्ती सकाळची दुपारवर गेली. ऐनवेळी गादी बदलली आणि जी मिळाली तिचा एक कोपरा पायाखाली सरकत होता. समोरची पोरगी डावखुरी निघाली. मी गांगरले. मिनिटभरही टिकले नाही. माझ्या महिनाभराच्या चित्रांत गादी कुठेच नव्हती बघ. नुसता गुलाल होता.

म्हणून तू भिंतीवर भाग्यश्री फंडचा गदा घेतलेला फोटो लावलायस ना, तो काढ असं मी म्हणणार नाही. आपल्या शेजारच्या श्रीगोंद्याची पोर महिला महाराष्ट्र केसरी झाली, तो फोटो बघून अंगात रग येते, येऊ दे. पण तो पहाटे उठायच्या कामाचा. कुस्तीच्या सरावाला त्याचा उपयोग नाही. 1999 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर हे करून बघितलं होतं. काहींना सांगितलं, चांगले गुण मिळाल्याचं चित्र रोज बघा. काहींना सांगितलं, तुम्ही टेबलाशी बसून कसा अभ्यास करताय ते बघा. दुसऱ्यांनी अभ्यास जास्त केला आणि गुणही त्यांनाच चांगले पडले. गुलाल बघितला की मनाला वाटतं काम झालं. काम बघितलं की अंग कामाला लागतं.

आता तू विचारशील, नुसतं बघून अंगाला काय कळतं? मलाही हे थोतांड वाटायचं. पण 1992 मध्ये झालेला एक साधा प्रयोग आहे, हाताच्या करंगळीचा. काही लोकांनी चार आठवडे करंगळीने जोर लावायचा व्यायाम केला. काहींनी बोट न हलवता, तो जोर लावतोय अशी फक्त कल्पना केली. ज्यांनी खरा व्यायाम केला त्यांची ताकद 30 टक्क्यांनी वाढली. ज्यांनी नुसती कल्पना केली त्यांचीही 22 टक्क्यांनी वाढली. काहीच न करणाऱ्यांची चारच्याही आत. स्नायू काही फुगले नव्हते. मेंदूकडून स्नायूकडे जो हुकूम जातो तो मात्र मनातल्या मनात गिरवून पक्का झाला होता. हुकूम देणारी यंत्रणा खऱ्या डावाला आणि मनातल्या डावाला बरीचशी एकच असते.

पण करंगळी ती करंगळी. हे वाचून जोर-बैठका कमी केल्यास तर मी स्वतः कर्जतला येऊन तुझा कान धरीन. दोर चढणं, पळणं, गादीवरचा घाम, खुराक, झोप, यांच्यावर हा वरचा एक घास आहे. आणि जो डाव तुझ्या अंगात मुळात बसलेलाच नाही तो मनात शंभरदा खेळून बसणार नाही. उलट चुकीचा डाव मनात घोटलास तर चूकच पक्की होईल. म्हणून ज्या डावाची तालीम सकाळी झाली तोच संध्याकाळी मनात घ्यायचा. तुझा एकेरी पट चांगला आहे, तोच घे. ढाक अजून कच्ची आहे. ती वस्तादांकडून आधी नीट बसवून घे.

बघायचं कसं, ते आता सांगते. यातच सगळी मेख आहे.

तू मला म्हणालीस, "मी खाली पडलेली दिसते." म्हणजे तू प्रेक्षकांत बसून स्वतःला बघतेस. तिथून ऊठ आणि स्वतःच्या अंगात ये. तुझ्या डोळ्यांना काय दिसेल? तुझा चेहरा दिसणार नाही. समोरचीचे खांदे दिसतील, निळा पोशाख, कपाळावर चिकटलेले केस, आणि तिचा पुढचा पाय. तुझ्या बोटांना तिचं घामाने निसरडं मनगट लागेल. बुटाच्या तळव्याखाली गादी थोडी दबेल. तू मातीत शिकलेली, तुझं अंग अजून मातीच्या हिशेबाने पाय टाकतं, ठाऊक आहे ना? खाशाबा जाधव 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांनाही गादी नवीनच होती, तरी सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. तुझ्या चित्रात गादीच हवी. तिचा रबराचा वास, पंचाचं हातवारे करणं, मागून वस्तादांची हाक. मार्च 2025 मध्ये आपल्या कर्जतला महाराष्ट्र केसरीचं मैदान भरलं, वेताळ शेळकेने गदा घेतली, तेव्हा तू आप्पांच्या शेजारी बसून तो कल्लोळ ऐकलायस. तो आवाज वापर. शांत खोलीतली कुस्ती बघशील तर खऱ्या कल्लोळात बिचकशील.

नवा डाव शिकताना मात्र बाहेरून बघितलं तरी चालतं, पाय कुठे पडतो, कंबर कितपत खाली जाते ते समजायला. पण लढत आतूनच.

आणि काहींना चित्र दिसतच नाही. अशा लोकांवर इंग्लंडमधल्या एका डॉक्टरांनी संशोधन करून 2015 मध्ये त्याला नावही दिलं. तुला कधी तिचा चेहरा धूसर दिसला, काहीच दिसलं नाही, तर घाबरू नकोस. अंगाला जाणवतं ना? मांडीत जोर आलेला कळतो ना? तेवढं पुरतं. कुस्ती तशी डोळ्यांपेक्षा कातडीनेच जास्त खेळली जाते.

हे अंथरुणात पडून करू नकोस. निदान सुरुवातीला तरी नको, तिथे ती जुनी रीळ लगेच चालू होते. तालीम संपली की बूट काढायच्या आधी, गादीच्या कडेला, गुडघे वाकवून पवित्र्यात उभी राहा. हात पुढे, डोळे मिटलेले. जे अंग खरंच वापरायचं, जो पोशाख खरंच घालायचा, त्यातच मनाचा सराव चांगला मुरतो. पोरी हसतील. दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी त्यातलीच एखादी शेजारी येऊन उभी राहील.

वेळ लाव. फार महत्त्वाचं आहे हे. तीन मिनिटांची एक फेरी, 30 सेकंद विश्रांती, परत तीन मिनिटं. मनात एक फेरी खेळ आणि घड्याळ बघ. मी पैजेवर सांगते, तुझी तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपलेली असतील. कारण मनात आपण फक्त डाव बघतो. डोक्याला डोकं लावून ढकलाढकली करणं, हात झटकणं, दम खाणं, मधली सगळी वाट बघणं गाळून टाकतो. खऱ्या कुस्तीत तुझा घात होतो तो त्या वाट बघण्यातच. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या मिनिटात तू घाई करतेस, खोल न शिरता पाय धरायला जातेस. तिथला कंटाळा, तिथला जड झालेला श्वास चित्रात आण. तिचा हात झटकलास, ती अर्धं पाऊल मागे गेली, तिचा पुढचा पाय हलका झाला, आता. डोकं बाहेर, खांदा आत, पट, ताबा, दोन गुण. मग लगेच भारंदाज. आणि परत उभी.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. चित्रात सगळं सरळ जाऊ देऊ नकोस.

तो अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स तुला माहीत आहेच. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला रोज रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मनातली 'टेप' लावायला सांगायचे. अख्खी शर्यत, एकेका हातासकट. त्यात बिघडलेल्या गोष्टीसुद्धा असायच्या. बीजिंगला 2008 मध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत उडी मारल्याबरोबर त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरायला लागलं, शेवटी शेवटी तर त्याला भिंतही दिसेना. त्याने हात मोजले. किती हातांनी भिंत येते ते त्याला पाठ होतं. सुवर्णपदक आलं, आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा विश्वविक्रमही. ही गोष्ट मी शाळेत पोरांना दर वर्षी सांगते आणि दर वर्षी माझ्याच अंगावर काटा येतो. पाणी शिरायचं थांबलं नव्हतं ना गं. फक्त पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं.

तुझं गॉगलमधलं पाणी कोणतं, याची यादी तू कर, मी माझी सांगते. वजनाला उशीर. ड्रॉमध्ये पहिलीच कुस्ती तिच्याशी. पहिल्या मिनिटात चार गुणांनी मागे. पंचाचा निर्णय विरोधात. गर्दीत तिच्या गावची माणसं जास्त. आणि एक, जे तालमीत कुणी बोलत नाही, पाळी त्याच दिवशी आली तर. मला दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा माझं अर्धं लक्ष तिथेच होतं. तीही चित्रात घे. पिशवीत काय काय असेल, आत काय घालशील, ओटीपोटात कळ आली की श्वास कसा सोडशील. एकदा मनात होऊन गेलं की त्या दिवशी नवल राहत नाही.

प्रत्येक अडचणीपुढे तुझं उत्तर जोड. चार गुणांनी मागे, मग काय? मध्यभागी परत, दोन खोल श्वास, तिच्या पुढच्या पायावर नजर. अडचण बघून तिथेच थांबलीस तर ती परत जुनीच रीळ झाली.

आणि ती जुनी रीळ येईलच, रात्री, आगंतुकासारखी. आली की हुसकायला जाऊ नकोस, हुसकलं की जास्त चिकटते. थांबव. उलटी फिरव, ती तुझ्या पायात शिरायच्या आधीच्या क्षणापर्यंत. तिथून तू पाय मागे फेक, तिच्या पाठीवर वजन टाक आणि पुढे चालू दे. नाहीच जमलं तर अख्खी कुस्ती नको, तेवढा एक पाय मागे फेकणंच दहा वेळा बघ. तू सकाळी खरोखर पन्नासदा करतेसच ना ते? अंगाला येतं. मनाला फक्त आठवण करून द्यायचीय.

माझ्या सासरहून आश्वी खुर्द फार लांब नाही, अजिंक्य रहाणेचं गाव. तोही ध्यान करतो आणि सामन्याआधी मनात खेळून बघतो, असं त्याने सांगितलंय. 2020 च्या डिसेंबरात ॲडलेडला आपला संघ 36 धावांत गुंडाळला गेला, कर्णधार मायदेशी परतला, आणि आठवड्याभरात मेलबर्नला रहाणेने नेतृत्व करत 112 केल्या, आपण आठ गडी राखून जिंकलो. त्या आठवड्यात त्याच्या मनात काय चाललं असेल ते तोच जाणे. मी शाळेत जाताना आश्वीच्या फाट्यावरून वळते तेव्हा मला एवढंच वाटतं, सात दिवसांत कुणाचे हात-पाय नवे होत नाहीत. नजर कुठे लावायची, तेवढं मात्र बदलता येतं. तुझ्याकडे तर स्पर्धेला अजून पाच आठवडे आहेत.

एक गोष्ट रागावून सांगते. 53 च्या वजनात बसायला तू रात्रीचं जेवण सोडतेयस, आईने मला सांगितलं. रिकाम्या पोटी मनात चित्रं येतात तीही भुकेलेली, चिडचिडी येतात. झोप न लागण्याचं अर्धं कारण तेच असेल. पॅरिसला विनेश फोगटचं 100 ग्रॅमने काय झालं ते आपण दोघींनी रडत बघितलंय, वजनाचा धसका मला कळतो. पण ते वस्तादांशी आणि डॉक्टरांशी बोलून, हळूहळू उतरवायचं. चोरून नाही. आणि हे सगळं करूनही आणखी आठवडाभर झोप आली नाही, जेवण जाईना, तालमीत जायची इच्छाच मेली, तर ते मनाच्या सरावाने भागणारं नाही. मला सांग, नगरला चांगल्या डॉक्टर बाईंकडे आपण दोघी जाऊ. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी तेव्हा लाजले आणि एकटीच कुढत बसले, ते तुझ्या वाट्याला मला येऊ द्यायचं नाही.

दिवसाला दहा मिनिटं, जास्त नको. मन दमलं की चित्रं सैल होतात. आज एकच फेरी. उद्या तीच परत. तिसऱ्या दिवशी चार गुणांनी मागे पडून.

रविवारी सकाळच्या एसटीने मी येतेय. आप्पांना म्हणेन, शाळेला सुट्टी आहे. दुपारी सगळे झोपले की आपण तालमीत जाऊ, तू बूट घालून पवित्र्यात उभी राहा आणि डोळे मीट. मी शिट्टी वाजवीन आणि घड्याळ धरीन, मधे एक अक्षर बोलणार नाही.

त्याआधी एक काम कर. तिची-तुझी मागच्या स्पर्धेतली कुस्ती तालमीतल्या एका पोरीच्या मोबाइलमध्ये आहे म्हणालीस ना, ती मागून घे. स्वतःकडे बघू नकोस, तिच्याकडेच बघ, तीनदा. आणि रात्री झोपायच्या आधी मला एका शब्दाचा मेसेज टाक, उजवा की डावा.